तरंगंबाडीचे उपदेशक

चोलमंडळाच्या किनाऱ्यावर, कावेरीचे अनेक फाटे जेथे समुद्राला मिळतात त्या टापूत, तरंगंबाडी नावाचे एक लहानसे बंदर आहे. 1620 साली डेन्मार्कच्या राजाचा प्रतिनिधी ओव्ह गेडे याने तंजावरचे रघुनाथ नायक यांच्याशी करार करून येथे व्यापाराची व किल्ला बांधण्याची परवानगी मिळविली, आणि समुद्राच्या अगदी तोंडावर डान्सबोर्गचा किल्ला उभा राहिला. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरची गादी व्यंकोजीराजे भोसल्यांच्या हाती आली, आणि तेव्हापासून या डॅनिश वखारीच्या वेशीबाहेर पाऊल टाकले की मराठी दरबाराचा अंमल सुरू होई. प्रॉटेस्टंट पंथाच्या हिंदुस्थानातील इतिहासाचा आरंभ याच बंदरी, 9 जुलै 1706 रोजी, बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शाउ हे दोन तरुण जर्मन लूथरन मिशनरी उतरले त्या दिवसापासून धरण्याचा प्रघात आहे, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु या इतिहासाची जी पुस्तके लिहिली गेली त्यांत झीगेनबाल्ग, श्वार्ट्झ, फाब्रिशियस अशा मिशनऱ्यांच्या नावांनीच प्रकरणे पाडली गेली, आणि ज्यांच्या पायपिटीवर ही सगळी इमारत उभी राहिली ते दीक्षा न मिळालेले देशी उपदेशक, शाळामास्तर, वाचक आणि स्त्रिया तळटीपांत जाऊन बसल्या. माझ्या मते त्यांची जागा मूळ मजकुरात आहे.

सामान्य विश्वासणाऱ्याच्या हाती धर्मकार्य सोपविण्याची कल्पना लूथरन मंडळीला नवी नव्हती. किंबहुना तिच्या जन्माबरोबरच ती आली होती. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक मनुष्य देवासमोर याजकच आहे, असे मार्टिन लूथरने 1520 साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात निःसंदिग्धपणे सांगितले होते. पण दहाच वर्षांनी, 1530 च्या ऑग्सबुर्गच्या मतांगीकारात, विधिवत नेमणूक झाल्यावाचून कोणी मंडळीत जाहीर शिक्षण देऊ नये किंवा संस्कार करू नयेत, हेही तितक्याच स्पष्टपणे नमूद झाले. पहिल्या वचनाने दार उघडले आणि दुसऱ्याने त्याला उंबरठा घातला. या दोहोंच्या मधल्या जागेतच लूथरन मंडळीतील सामान्य सेवकाचे सारे भाग्य घडत आणि बिघडत आले आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील धर्मपीठे विद्वत्तेच्या वादांत शुष्क होऊ लागली, तेव्हा फिलिप याकोब श्पेनर याने 1675 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुधारणाग्रंथात, गृहस्थांनी व कारागिरांनी घरोघरी जमून शास्त्र वाचावे, परस्परांना बोध करावा, लूथरने सांगितलेले ते याजकत्व आचरणात आणावे, असा आग्रह धरला. त्याच वळणाची संस्था आउगुस्ट हेर्मान फ्रांके याने हाले येथे उभारली, आणि झीगेनबाल्ग तेथेच शिकला होता.

तरंगंबाडीत या शिकवणीला परिस्थितीचा रेटा मिळाला. मिशनरी मूठभर, हवामान जीवघेणे, आणि वखारीचा मुख्य अधिकारी हासियस इतका प्रतिकूल की त्याने झीगेनबाल्गला सुमारे चार महिने किल्ल्यात कैदेत ठेवले. 1719 साली झीगेनबाल्ग वारला तेव्हा त्याचे वय अवघे छत्तीस होते. याहून मोठी अडचण अशी की तंजावरच्या मुलखात दरबारच्या परवानगीवाचून युरोपियनाने फिरण्याची सोय नव्हती. गोऱ्या पाद्र्याला जेथे वेशीवर अडविले जाई तेथे तामिळ उपदेशक मात्र बाजारकरी, आप्तेष्ट किंवा यात्रेकरू यांच्या गर्दीतून सहज पुढे निघून जाई. म्हणून 1716 साली झीगेनबाल्गने देशी सेवक तयार करण्यासाठी एक लहानशी पाठशाळा काढली. त्याआधीच त्याचा तामिळ नवा करार मिशनच्या छापखान्यात छापून झाला होता. 1714 साली चार शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये, आणि पुढील वर्षी उरलेला भाग.

उपदेशकाचे काम काय असे, हे नीट सांगितले पाहिजे, कारण ते पाहिल्यावाचून त्याची योग्यता कळत नाही. नेमून दिलेल्या गावांची फेरी करावी. लूथरची लहान प्रश्नोत्तरी मुलांकडून आणि निरक्षर शेतमजुरांकडून पाठ करून घ्यावी. आजाऱ्याच्या उशाशी बसावे. नवरा-बायकोचे, भाऊबंदांचे तंटे मिटवावेत. बाप्तिस्म्यासाठी आलेल्याची परीक्षा घेऊन तो पैशाच्या किंवा धान्याच्या आशेने आला आहे की मनापासून, याचा अदमास बांधावा. आणि ठरल्या वेळी तरंगंबाडीस रुजू होऊन सगळ्याचा तोंडी व लेखी वृत्तांत द्यावा. हा वृत्तांत ताडपत्रावर लिहिलेला असे. वाळवून कापलेल्या पानावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचे, मग त्यावर काजळी चोळायची म्हणजे रेषा काळ्या उमटतात. अशा पानांच्या जुड्या मिशनरी वाचत, त्यांतील निवडक भाग जर्मन भाषेत उतरवून हालेस पाठवीत, आणि तेथे 1710 पासून छापल्या जाणाऱ्या अहवालांच्या मालिकेत तो मजकूर प्रसिद्ध होई. जर्मनीतील भाविक कुटुंबे जे वाचून देणग्या पाठवीत, त्यातील पुष्कळसे मूळ या ताडपत्रांत होते. संस्कार करण्याचा अधिकार मात्र उपदेशकास नव्हता. तो शिकवी, तयार करी, मरणाऱ्याला धीर देई. पण प्रभुभोजनाचे पात्र त्याच्या हाती येत नसे.

या उपदेशकांत सर्वांत तेजस्वी पुरुष म्हणजे राजनायकन. हा 1700 साली जन्मलेला, जातीने परैयर, धर्माने रोमन कॅथलिक, आणि तंजावरच्या मराठी राजाच्या फौजेत सेर्वैकारन, म्हणजे लहानसा लष्करी हुद्देदार होता. वयाच्या बाविसाव्या वर्षी तो वाचायला शिकला. ज्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसाने अक्षरांकडे पाहणेही आगाऊपणाचे समजले जाई त्या काळी, तलवार बाळगणाऱ्या प्रौढ शिपायाने मुळाक्षरे गिरवीत बसावे यात केवढी जिद्द असली पाहिजे! पुढे तरंगंबाडीत छापलेल्या शुभवर्तमानांची व प्रेषितांच्या कृत्यांची प्रत त्याला वाचावयास मिळाली. पुस्तक उसने होते, परत करावे लागणार होते. म्हणून त्याने ते ताडपत्रांवर उतरून काढण्यास आरंभ केला. छापलेल्या पुस्तकाची हाताने नक्कल करणारा हा शिपाई डोळ्यांसमोर आणला की, मिशनने त्याला शोधून काढले असे म्हणवत नाही. त्यानेच मिशनला शोधून काढले. 1727 च्या सुमारास त्याने तरंगंबाडीशी संधान बांधले, फौजेची चाकरी सोडली आणि तंजावरच्या मुलखात उपदेशकाचे काम पत्करले. जुन्या पंथबांधवांचा रोष आणि वाटेवरची संकटे सोसून, 1771 साली मृत्यू येईपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षे त्याने ते केले. ज्या प्रदेशात एकाही मिशनऱ्याला सुखाने राहता येत नव्हते त्या प्रदेशात लूथरन मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः याच्या श्रमांवर.

आणि तरीही त्याला पाळकाची दीक्षा मिळाली नाही. 1733 साली, उपदेशकांपैकी एकाला दीक्षा देऊन पहिला देशी पाळक करावा असे ठरले, तेव्हा योग्यतेच्या दृष्टीने राजनायकनचे नाव पुढे असणे स्वाभाविकच होते. परंतु त्याच्या हातून प्रभुभोजन घेण्यास उच्च मानलेल्या वेल्लाळ जातीचे ख्रिस्ती तयार होणार नाहीत या भयाने ते मागे पडले, आणि 28 डिसेंबर 1733 रोजी आरोन याला दीक्षा देण्यात आली. आरोन अपात्र नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कडलूरच्या वेल्लाळ व्यापारी घराण्यातील हा पूर्वाश्रमीचा आरुमुगम झीगेनबाल्गच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेला, उपदेशक म्हणून कसास उतरलेला. हिंदुस्थानातील पहिला प्रॉटेस्टंट पाळक होण्याचा मान त्याने 1745 साली वारेपर्यंत शोभविला. दोष त्याचा नव्हता. दोष त्या मंडळीचा होता, जिच्या उपासनामंदिरात उच्च मानलेल्या जाती एका बाजूला आणि परैयर दुसऱ्या बाजूला बसत, आणि त्या मिशनऱ्यांचा, ज्यांनी सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकत्वाचे तत्त्व यूरोपातून एवढ्या दूर आणून नेमके या कसोटीच्या प्रसंगी बासनात बांधून ठेवले. व्यवहार म्हणून त्यांचा निर्णय समजण्याजोगा असेल. फूट पडली असती, मंडळ्या ओस पडल्या असत्या. पण न्याय म्हणून तो समर्थनीय नाही, आणि राजनायकनने त्यानंतरही जवळजवळ अडतीस वर्षे सेवा सोडली नाही यावरून तर तो अधिकच उणा दिसतो.

दक्षिणेकडे तिरुनेल्वेलीच्या बाजूस हीच कथा वेगळ्या रूपाने घडली. 1771 साली श्वार्ट्झने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे की पाळयंकोट्टै येथे आपल्या मंडळीतील सवरीमुत्तु नावाचा एक ख्रिस्ती लोकांना देवाचे वचन वाचून दाखवितो. त्या मुलखात लूथरन शिकवणीचा पहिला पाय पडला तो या वाचकाचा. पुढे 1778 मध्ये श्वार्ट्झने तेथे क्लॅरिंडा या मराठी ब्राह्मण विधवेला बाप्तिस्मा दिला. तंजावरच्या बाजूची ही स्त्री एका इंग्रज अंमलदाराजवळ राहत होती, म्हणून आरंभी त्याने तिला बाप्तिस्मा नाकारला होता. तो अंमलदार वारल्यानंतर तिची विनंती मान्य झाली. नाव ख्रिस्ती, जन्म मराठी, वस्ती तामिळ मुलखात आणि समाजात स्थान कोठेच नाही, अशी ही बाई. पण तेथील मंडळीची घडी तिनेच बसविली. 1785 साली उपासनामंदिर उभे राहिले ते मुख्यतः तिच्या पुढाकाराने, आणि लोक आजही त्याला पाप्पात्ती अम्माळ कोविल, म्हणजे बामणीचे देऊळ, म्हणतात. तेथे पाठविलेला उपदेशक सत्यनाथन याला 1790 मध्ये दीक्षा मिळाली. तिरुनेल्वेलीची ही मंडळी पुढे अँग्लिकन व्यवस्थेखाली गेली व फार मोठी झाली. पण तिची मुळे एका वाचकाने आणि एका विधवेने रोवलेली आहेत, आणि त्या दोघांनाही कोणी कधी दीक्षा दिली नव्हती.

श्वार्ट्झचे मोठेपण मराठी वाचकांस निराळे सांगावयास नको. तुळजाराजांनी 1787 साली मृत्युशय्येवरून दत्तक पुत्र सरफोजीला ज्याच्या पदरात घातले तो हा पाद्री. त्याने तंजावर दरबारासाठी मराठीही शिकून घेतली होती, आणि सरफोजी महाराजांनी त्याच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करविलेले संगमरवरी शिल्प आजही तंजावरात आहे. येथे त्याची आठवण काढावयाची ती मात्र वेगळ्या कारणाने. देशी सेवकाला कसे वागवावे हे त्याला साधले होते. सकाळी सगळे उपदेशक त्याच्याभोवती जमत; प्रार्थना होई, कोणी कोठे जावयाचे ते ठरे, काय बोलावे याची चर्चा होई, आणि संध्याकाळी परत येऊन प्रत्येकजण दिवसभरात काय पाहिले, कोणी काय विचारले, कोठे निरुत्तर व्हावे लागले ते सांगे. हुकूम सोडून मोकळे होणाऱ्या अधिकाऱ्याची ही रीत नव्हे. रोज सकाळी निरोप देणारा आणि रोज संध्याकाळी ऐकून घेणारा मनुष्य असला म्हणजे परक्या गावात शिव्या खाऊन आलेला उपदेशक दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो. सामान्य सेवकाला उत्तेजन देण्याच्या पुष्कळ योजना पुढे निघाल्या; या साध्या नित्यक्रमाची सर त्यांपैकी किती योजनांना आली असेल, याविषयी मला शंका आहे.

त्याच्याच हाताखाली वाढलेला वेदनायकम् शास्त्री हा पाळयंकोट्टैचा मुलगा, जन्म 1774 चा. तो तंजावरच्या मिशन शाळेचा मुख्याध्यापक झाला, पाळक कधीच झाला नाही, आणि तरीही तामिळ ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी जितकी त्याची पदे आहेत तितकी क्वचितच कोणा पाळकाची असतील. कुरवंजी या लोकप्रिय नाट्यप्रकारात त्याने 'बेथलेहेम कुरवंजी' रचली आणि तीत कोपर्निकसचे खगोलशास्त्रही गुंफले. इकडे सरफोजी महाराजांनी त्याच प्रकारात 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचून त्यात पृथ्वीचा भूगोल सांगितला. एकाच नगरात, एकाच गुरूच्या सावलीत वाढलेल्या राजाने आणि शाळामास्तराने, एकाने मराठीत व दुसऱ्याने तामिळीत, नवे ज्ञान जुन्या गाण्यात भरावे, हा योग वाङ्मयाच्या इतिहासात विरळा. रामदासी मठांमुळे कीर्तनाची परंपरा तंजावरात आधीच रुजलेली होती. शास्त्र्यांच्या सभाही गायन व निरूपण यांनीच भरत. पुढे नव्या मिशनऱ्यांनी तामिळ गीतांची, चालीरीतींची आणि त्याबरोबरच जातवार बैठकीची व्यवस्था मोडावयास घेतली, तेव्हा 1829 च्या सुमारास शास्त्र्यांचा व त्यांचा उघड विरोध झाला आणि शास्त्र्यांना मिशनची नोकरी गमवावी लागली. गीतांविषयी शास्त्र्यांचे म्हणणे रास्त होते. जातिभेदाविषयी ते चुकले होते, आणि राजनायकनवर झालेल्या अन्यायाची परंपराच त्यांनी त्या बाबतीत उचलून धरली, हे त्यांच्याविषयी आदर असूनही लिहिणे भाग आहे. नोकरी गेल्यावर त्यांना आश्रय दिला तो सरफोजी महाराजांच्या दरबाराने.

1845 साली डेन्मार्कने तरंगंबाडी इंग्रज कंपनीस विकून टाकली आणि मिशनचा वारसा लाइपझिगच्या लूथरन संस्थेकडे गेला. 1919 मध्ये तामिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्च ही स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. तिचा बिशप तरंगंबाडीचा बिशप म्हणविला जातो. पहिले भारतीय बिशप राजा मणिक्कम् त्या गादीवर आले ते 1956 साली, आरोनच्या दीक्षेनंतर दोनशे तेवीस वर्षांनी. मधल्या सगळ्या काळात गावोगावच्या शाळा चालल्या, प्रश्नोत्तऱ्या पाठ झाल्या, आजाऱ्यांच्या उशाशी कोणी ना कोणी बसले, आणि ते काम बहुतांशी दीक्षा न मिळालेल्या माणसांनीच केले.