न मागितलेलें पार्सल

‘व्ही. पी. नें मागवावें’ हे शब्द मराठी मासिकांतील पुस्तकांच्या जाहिरातींखालीं वाचकांनीं पिढ्यान् पिढ्या वाचले आहेत. मुंबईचा दुकानदार आणि वऱ्हाडांतील गिऱ्हाईक एकमेकांस परके. तेव्हां आधीं माल कीं आधीं पैसा, हा पेंच टपालखात्यानें १८७७ सालीं सोडविला. पोस्टमननें पार्सल दारीं आणावें, पैसे घ्यावे, आणि खात्यानें ते विक्रेत्यास पोंचवावे, अशी ती व्यवस्था होती.

ह्या सोयीच्या आडून लबाडीलाही वाट होती. कोणीं न मागितलेलें पार्सल धाडावें, ‘घरांत कोणीं तरी मागविलें असेल’ असें समजून घरधन्यानें पैसे मोजावे, आणि आंत रद्दी निघावी! १८९८ च्या टपाल कायद्यानें हा धोका ओळखला होता. खऱ्या मागणीवरूनच पार्सल पाठवीत आहों, अशी प्रतिज्ञा पाठविणाऱ्याकडून घेण्याचा आणि फसवणूक आढळल्यास वसूल झालेली रक्कम घेणाऱ्यास परत करण्याचा नियम करतां येईल, अशी तरतूद त्यांत होती. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून अंमलांत आला. परंतु जुन्यांतलें तत्त्व विसरण्याजोगें नाहीं. मागणी सिद्ध करण्याचा भार पाठविणाऱ्यावर होता.

आजचा ठक हाच भार उलटवितो. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेल्या आमच्या नवी मुंबईंत बहुतेक कुटुंबें बाहेरून आलेलीं, आणि पार्सल आणणारा मुलगा रोज निराळा. मागें आम्हांसच मोबाईलवर निरोप आला कीं, पत्ता अपुरा असल्यानें पार्सल अडलें आहे. पांच रुपये भरावे. आम्ही एका पुस्तकाची वाट पाहतच होतों; बोट लिंकवर पडणार, तोंच मुलीनें हात धरला. पांच रुपये हें केवळ आमिष. ठकास हवा असतो कार्डाचा क्रमांक आणि ओ. टी. पी.

आमच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक इतके सुदैवी नव्हते. त्यांच्या नांवाच्या पार्सलांत अंमली पदार्थ सांपडले व कस्टमनें तें धरलें, असा फोन आला. न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून आमच्या उशाशीं आहे. ‘कस्टम’ हा शब्द येथें कोणास खोटा वाटावा? व्हिडिओवरील गणवेशाच्या धाकानें त्यांनीं आयुष्याची शिल्लक परक्या खात्यांत भरली, आणि लाजेनें दोन दिवस पत्नीसही सांगितलें नाहीं. ‘डिजिटल अटक’ अशी गोष्टच कायद्यांत नाहीं, हें पंतप्रधानांनीं २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं आकाशवाणीवरून सांगितलें होतें.

ते दोन दिवसच अधिक महाग पडले. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं बँकेंत अडवितां येण्याचा संभव असतो. म्हणून फसलेल्या वडीलधाऱ्यांस घरांत कोणीं हसूं नये. हंसण्याच्या भयानेंच माणूस गप्प बसतो.

बाकी नियम जुनाच आहे. मागविलें नसेल त्याचे पैसे देऊं नयेत, आणि तें ‘रद्द’ करण्यासाठींही ओ. टी. पी. सांगूं नये. शंका आल्यास निरोपांतील लिंक सोडून, ज्या दुकानांतून माल मागविला तेथेंच स्वतः पाहावें. पूर्वीं प्रतिज्ञा मागण्याचें काम टपालकचेरी करीत असे. आतां तें घरोघरच्या उंबरठ्यावर आलें आहे.