पवनऊर्जा, मंद वाऱ्याच्या प्रदेशातील

वारा मंद असलेल्या जागी पवनचक्की वर्षाला किती वीज देईल आणि ती युनिटमागे कितीला पडेल, याचा अंदाज. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव (ता. शिरूर) व दौंडकडील सखल पट्टा येथे उदाहरणादाखल घेतला आहे. उत्तरेस पारनेर तालुक्यात सुपे परिसराच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत. घोडच्या खोऱ्याला उंचीचा तो लाभ नाही.

क्षमता : वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग सेकंदाला ६ मी. वरून ५ मी. झाला, तर शक्ती सु. ४२ टक्क्यांनी घटते. येथील उंची व उष्मा यांमुळे हवेची घनता सु. १.१ किग्रॅ./घ.मी. धरावी लागते (प्रमाण १.२२५). सरासरी ५ मी. वेगाला रॅले वितरणाने (वेगांच्या वाटणीच्या गणिती सूत्राने) शक्तिघनता चौ.मी.ला सु. १३० वॅट येते. उसाचे उभे फड जमिनीलगतचा वारा अडवतात. म्हणून १० मी. उंचीवरील नोंदींवरून १०० मी.चा हिशेब मांडणे धोक्याचे. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या (चेन्नई) अंदाजानुसार महाराष्ट्राची क्षमता १०० मी. उंचीवर ४५,३९४, १२० मी.वर ९८,२१३ व १५० मी.वर १,७३,८६६ मेगावॅट आहे.

यंत्रे : मंद वाऱ्यासाठी त्याच क्षमतेच्या यंत्राला मोठी पाती व उंच मनोरा देतात. सुझलॉनच्या २.१ मेगावॅटच्या यंत्राच्या पात्यांच्या चक्राचा व्यास ८८ मी. वरून १२० मी. झाला; वारा झेलणारे क्षेत्र सु. १.८६ पट वाढले.

खर्च : केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१२ मध्ये, ८० मी. उंचीवरील शक्तिघनता २०० वॅटपर्यंत असल्यास क्षमता वापर (पूर्ण क्षमतेने वर्षभर चालल्यास मिळणाऱ्या विजेपैकी प्रत्यक्ष मिळणारा हिस्सा) २० टक्के, तर ३०१ ते ४०० वॅटला ३० टक्के धरला. म्हणजे १ मेगावॅटमागे वर्षाला १७.५२ लाख, तर दुसरीकडे २६.२८ लाख युनिट. भांडवल व देखभाल सारखीच धरली, तर मंद वाऱ्याची वीज दीडपट महाग पडते. फेब्रुवारी २०१७ मधील पहिल्या राष्ट्रीय लिलावात दर युनिटमागे ३.४६ रु. वर आला; लिलावात मंद जागेला वेगळा दर नसतो.

पाणी उपसण्याच्या पवनचक्क्या : लहान, बहुपाती, मंद वाऱ्यातही फिरतात.

इनामगावासारख्या जागी नकाशावरून निर्णय घेऊ नये. पावसाळी वारे धरून किमान एक वर्ष, यंत्राच्या उंचीजवळ केलेले मापन हाच आधार.