प्रोबेटविना वारसा : राजूरच्या घर-जमिनीसाठी मृत्युपत्राचा मार्ग

अमेरिकेतील अनेक राज्यांत घरमालकाला हयातीतच एक विशेष दस्त नोंदवून ठेवता येतो. मालक जिवंत असेपर्यंत घर त्याचेच राहते, दस्त केव्हाही रद्द करता येतो आणि मृत्यूनंतर न्यायालयात न जाता घर ठरविलेल्या व्यक्तीकडे जाते. मिसुरी राज्याने १९८९ मध्ये ही सोय प्रथम केली. भारतात असा दस्त नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूरसारख्या गावात हाच हेतू मृत्युपत्राने साध्य होतो.

प्रोबेट कोठे लागत असे?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याबद्दल न्यायालयाने दिलेली प्रमाणित मान्यता. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातील कलम २१३ नुसार हिंदूंसाठी ते मुख्यत्वे मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांपुरते सक्तीचे होते. राजूरच्या शेताचे मृत्युपत्र राजूरलाच केले असेल तर ही सक्ती नव्हती. तेच मृत्युपत्र मुंबईत मुलाकडे राहताना केले असेल तर मात्र होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ वगळले. तथापि वाद उद्भवल्यास मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करावेच लागते.

मृत्युपत्र कसे असावे?

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही व नोंदणीही ऐच्छिक आहे. किमान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य आहेत. पुढे त्यांच्यापैकी एकाची साक्ष लागू शकते. म्हणून साक्षीदार वयाने लहान, गावात सापडणारे आणि मिळकतीत हितसंबंध नसलेले असावेत. गट क्रमांक, क्षेत्र व चतु:सीमा स्पष्ट लिहाव्यात. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत फक्त स्वत:च्या हिश्श्याचेच मृत्युपत्र करता येते; २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही त्यात जन्मत: समान हक्क मिळाला आहे.

बक्षीसपत्राचा धोका

बक्षीसपत्र नोंदणीकृत असावे लागते व मालकी हयातीतच जाते. ते मनास येईल तेव्हा रद्द करता येत नाही. सांभाळ करण्याची अट दस्तात लिहिलेली असेल आणि ती मोडली गेली, तर ज्येष्ठ नागरिकांना २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली दाद मागता येते. ‘माझ्या मृत्यूनंतर अमलात येईल’ असे लिहिलेला दस्त बक्षीसपत्र या नावाने केला, तरी कायदा त्याकडे मृत्युपत्र म्हणूनच पाहतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस बक्षीस देण्यास शासकीय मंजुरी आवश्यक असते.

फेरफार विसरू नये

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, मृत्यूचा दाखला व मृत्युपत्र जोडून, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे अर्ज करावा. हितसंबंधितांना नोटीस निघते; हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात व सातबारावर नाव चढते. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, तसेच मिळकत पत्रिका असल्यास तीवरही, नोंद करून घ्यावी.

फेरफार हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही राजूरच्या परिसरात कोळसा खाणी आहेत. जमीन संपादित झाल्यास मोबदल्यासाठी प्रथम सातबाराच पाहिला जातो, आणि मृताचेच नाव राहिल्यास वारसांची रक्कम अडकून पडू शकते.