केंद्र बंद होते तेव्हा : बर्मिंगहॅम 2002 आणि आपण

ज्ञानशाखांचा इतिहास सामान्यतः त्यांच्या ग्रंथांच्या आणि सिद्धान्तांच्या अनुक्रमाने लिहिला जातो. हे ग्रंथ ज्या खोल्यांत, ज्या अनुदानांवर आणि ज्या विद्यार्थ्यांच्या सोबतीने सिद्ध झाले, त्यांचा उल्लेख तळटीपेपुरता उरतो. संस्कृती-अभ्यासाच्या बाबतीत ही रीत विशेषच अपुरी ठरते. संस्था आणि सत्ता यांचे नाते हा ज्या शाखेच्या चिंतनाचा गाभा, तिचे आद्य केंद्रच 2002 मध्ये एका प्रशासकीय निर्णयाने बंद झाले आणि ते वाचवण्यासाठी झालेली मोहीम अयशस्वी ठरली. त्या अपयशाचा अर्थ मराठवाड्यातून पाहता काय लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील समकालीन संस्कृती-अभ्यास केंद्राची स्थापना रिचर्ड हॉगार्ट यांनी 1964 मध्ये केली. हॉगार्ट हे लीड्समधील श्रमिक वस्तीत वाढलेले. बर्मिंगहॅमला येण्यापूर्वी हल विद्यापीठात त्यांनी प्रौढ शिक्षणाचे वर्ग अनेक वर्षे चालवले होते. रेमंड विल्यम्स आणि ई. पी. टॉम्सन यांचीही अध्यापनाची उमेदवारी अशाच वर्गांत झाली. दिवसभर काम करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या प्रौढांनी विचारलेल्या प्रश्नांतून ही शाखा जन्मली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. विद्यापीठाने केंद्राला जागा दिली, परंतु पैशाची निकड भागली ती पेंग्विन प्रकाशनाचे ॲलन लेन यांच्या देणगीमुळे. त्या देणगीच्या आधारावरच स्टुअर्ट हॉल संशोधक म्हणून केंद्रात आले.

हॉगार्ट युनेस्कोत गेल्यावर केंद्राची धुरा हॉल यांच्याकडे आली व 1979 पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. या काळातील केंद्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्या कार्यपद्धतीत आहे. पदव्युत्तर विद्यार्थी आणि अध्यापक मिळून अभ्यासगट चालवीत. चक्रमुद्रित निबंध काढीत. 1971 पासून केंद्राची स्वतःची निबंधपत्रिकाही निघू लागली. ‘पोलिसिंग द क्रायसिस’ (1978) हा ग्रंथ पाच जणांनी मिळून लिहिला; ‘विमेन टेक इश्यू’ (1978) आणि ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (1982) हे संग्रह गटांच्या कामातून आले. ज्ञान ही व्यक्तीची मिळकत मानणाऱ्या विद्यापीठीय व्यवस्थेत हा प्रयोग पहिल्यापासून काहीसा उपराच होता.

पुढे केंद्राचे विभागात रूपांतर झाले, समाजशास्त्र त्याला जोडले गेले, पदवीचे वर्ग सुरू झाले आणि अध्यापनाचा भार वाढला. ब्रिटनमध्ये संशोधनाचे शासकीय मूल्यमापन 1986 पासून सुरू झाले होते. 2001 च्या फेरीत सात पायऱ्यांच्या श्रेणीत या विभागाला ‘3अ’ ही मधली श्रेणी मिळाली. विद्यापीठाला ती पुरेशी वाटली नाही. 2002 च्या जूनमध्ये विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. जगभरातील अभ्यासकांनी कुलगुरूंकडे पत्रे पाठवली. वृत्तपत्रांतून चर्चा झाली. निर्णय बदलला नाही.

या मोहिमेचा युक्तिवाद तपासण्यासारखा आहे. विभागाचे अध्यापन उत्तम आहे, विद्यार्थ्यांची मागणी आहे आणि केंद्राची कीर्ती जागतिक आहे, हे तिचे प्रमुख मुद्दे होते. तिन्ही खरे होते. परंतु ते प्रशासनाच्याच भाषेत मांडलेले होते: श्रेणीला श्रेणीने आणि प्रतिष्ठेला प्रतिष्ठेने दिलेले ते उत्तर होते. ज्याच्या हाती तराजू आहे त्याच्याच मापाने वाद घातला, तर निकाल त्याच्याच बाजूने लागण्याचा संभव अधिक. ज्या श्रमिक प्रौढांच्या प्रश्नांतून ही शाखा उभी राहिली, त्यांचे वारस या वादात साक्षीदार म्हणून कोठे उभे राहू शकले असते? तशी जागा विद्यापीठाच्या कार्यपद्धतीत नव्हती. आणि चार दशकांच्या विद्यापीठीय वास्तव्यात केंद्राचेही त्यांच्याशी असलेले नाते पातळ झाले असावे, असे मला वाटते.

येथे भारतातील एक प्रसंग तुलनेस घेता येतो. 2017 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एका पत्रामुळे देशभरातील स्त्री-अभ्यास केंद्रांच्या अनुदानाची 30 सप्टेंबरनंतर शाश्वती उरली नव्हती. पुणे विद्यापीठात 1987 पासून चालत आलेले आणि शर्मिला रेगे यांच्या कार्याने नावारूपास आलेले केंद्र त्यांत होते. मराठवाडा विद्यापीठातील केंद्राला तर ताराबाई शिंदे यांचे नाव आहे. या वेळी अध्यापक-विद्यार्थ्यांच्या बरोबरीने स्त्री-संघटनाही बोलल्या, कारण या केंद्रांचा जन्मच चळवळीच्या मागणीतून झाला होता. अनुदानाची मुदत पुढे वाढली. ही मुदतवाढ म्हणजे स्थैर्य नव्हे, हे खरेच. परंतु केंद्राच्या बाजूने बोलणारे कोणीतरी विद्यापीठाच्या फाटकाबाहेर असले, की ते बंद करणे प्रशासनाला तितके सोपे जात नाही, एवढे यातून दिसते.

मराठवाड्याला हा धडा नवा नाही. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून साहित्याची जी नवी जाणीव प्रकटली, तिला गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’च्या रूपाने व्यासपीठ दिले. बर्मिंगहॅमचे गट ज्या दशकात चर्चा करीत होते, त्याच दशकात हे नियतकालिक आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे संस्कृतीचा विचार प्रस्थापित चौकटीबाहेरून करीत होते. त्यांना कोणी संस्कृती-अभ्यास म्हटले नाही. कोणत्याही श्रेणीने त्यांना जगवले नाही, आणि म्हणून कोणत्याही श्रेणीला त्यांना बंद करता आले नाही. मात्र यावरून केंद्रांची गरजच नाही असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. नियतकालिक विचाराला वाट देते. परंतु विद्यार्थ्याला दोन-तीन वर्षे निर्वाहाची चिंता न करता क्षेत्रात हिंडण्याची मुभा संस्थाच देऊ शकते.

ती मुभा किती मोलाची, हे जालना जिल्ह्यातील एका शब्दावरून स्पष्ट होईल. येथील घनसावंगी-अंबडकडील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरली जाते. उचलही त्याच मापाने ठरते. दोन माणसांचे एका अवजारात होणारे हे रूपांतर अर्थशास्त्राचा विषय आहे, स्त्री-अभ्यासाचा आहे आणि मराठीच्या शब्दार्थविचाराचाही आहे. कारखान्यात जाणाऱ्या मुलांची शाळा कशी सुटते, याचा शोध बर्मिंगहॅमच्या पॉल विलिस यांनी 1977 मध्ये घेतला. ‘कोयत्या’मागोमाग जाणाऱ्या मुलांची शाळा कशी सुटते, हे त्या घरांतून आलेला एम.ए.चा विद्यार्थी अधिक नेमके सांगू शकेल. पण त्याने हे काम गावकऱ्यांबरोबर, गटाने, मराठीत केले, तर ते मूल्यांकनाच्या कोणत्या रकान्यात बसेल? नॅकची स्थापना 1994 ची, अध्यापकांच्या गुणांकनाचे नियम 2010 चे. या दोहोंच्या दरम्यान आपल्या विभागांनीही स्वतःकडे रकान्यांतून पाहण्याची सवय लावून घेतली आहे.

जागा रिक्त राहतात, तासिका तत्त्वावर वर्ग चालतात आणि एखादा विभाग कोणत्याही घोषणेविना विझतो. आपल्याकडील केंद्रे बहुधा अशीच बंद होतात. जूनमधल्या एका दिवशी जाहीर होणाऱ्या निर्णयाविरुद्ध निदान निदर्शने तरी करता येतात. म्हणून केंद्र वाचवण्याचे काम ते चालू असतानाच करावे लागते. ज्यांच्या जगण्याचा अभ्यास करावयाचा, त्यांना त्या अभ्यासाचे भागीदार आणि वाचक करून घेणे हाच त्याचा मार्ग आहे. बर्मिंगहॅमच्या केंद्रासाठी पत्रे लिहिणाऱ्यांत नामवंतांची उणीव नव्हती. आपल्या एखाद्या विभागावर तशी वेळ आली तर अंबडच्या ऊसतोड वस्तीतून एक तरी पत्र येईल काय, हा प्रश्न प्रत्येक मराठी विभागाने आजच स्वतःला विचारायला हवा.