तुरुंगातला मास्तर कोण घडवणार?

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. दोघेही कैदीच. आपल्याकडे तुरुंगातले शिक्षण बऱ्याच अंशी असेच चालत आले आहे. शिकलेल्या कैद्याने न शिकलेल्याला शिकवायचे. स्वातंत्र्य आले, राजकीय कैदी सुटले. मग उरलेल्यांना कोण शिकवणार?

1951-52 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस भारतात आले. तुरुंगात काम करणाऱ्यांना सुधारणेच्या कामाचे प्रशिक्षण द्यावे, असा विचार त्यानंतर रुजू लागला. 1980 ते 1983 या काळात न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने तुरुंगसुधारणेचा सगळा प्रश्न तपासला. हे मुल्ला उर्दूतले नामवंत शायरही होते. 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांनी तर निरक्षर आणि तरुण कैद्यांचे शिक्षण सक्तीचेच मानले.

तुरुंग अधिकाऱ्यांसाठी येरवड्यात प्रशिक्षण महाविद्यालय आहे. पण शिक्षकांचे काय? आमच्या बी.एड.मध्ये बालमानसशास्त्र होते, पाठ टाचणे होती. कैदेतला विद्यार्थी कुठेच नव्हता.

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. मुंबई उपनगरात देवनारला असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 2011 मध्ये राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी राज्यातल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. त्यात दिसले ते बहुतेक तरुण, कमी शिकलेले आणि गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध नसलेले होते. असा घाटकोपरचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. उर्दू शाळा सातवीत सुटलेली, मराठी विषय नावापुरता झालेला. त्याच्या हातात मराठी आरोपपत्र पडते. आपल्यावर कोणते कलम लागले आहे, पुढची तारीख कधी, हे तो दुसऱ्याला विचारतो.

त्याला ‘अ अननसाचा’ शिकवून चालणार नाही. स्वतःचे नाव, कलम, तारीख, जामिनाचा अर्ज, हाच त्याचा पहिला धडा. उद्या तो कोर्टात जाईल, सुटेल किंवा दुसऱ्या तुरुंगात जाईल. म्हणून प्रत्येक तास त्या दिवसापुरता पूर्ण हवा. गुन्हा विचारायचा नाही. वयाचा मान ठेवून ‘तुम्ही’ म्हणायचे.

हे कुणाला आपोआप येत नाही, शिकावे लागते. उर्दू आणि मराठी दोन्ही येणारे शिक्षक आपल्यात शेकड्यांनी आहेत. बी.एड.च्या सरावपाठांत या वर्गाला जागा मिळावी, ही मागणी आपणच करायला हवी.