क्लो द व्हुजो : एका द्राक्षमळ्याची भिंत आणि तिच्या आतील मालकी

प्रस्तावना

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात दीजाँ शहराच्या दक्षिणेस डोंगरउताराची एक अरुंद पट्टी द्राक्षलागवडीसाठी प्रसिद्ध आहे. याच पट्टीत व्हुजो हे लहानसे गाव असून त्याच्या लगत दगडी भिंतीने वेढलेला सुमारे ५० हेक्टरांचा द्राक्षमळा आहे. ‘क्लो’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ बंदिस्त केलेली जागा. क्लो द व्हुजो हे नाव मळ्याचेही आहे आणि तेथे पिनो न्वार जातीच्या द्राक्षांपासून होणाऱ्या लाल वाइनचेही. वाइनविषयक लोकप्रिय लेखनात या मळ्याची थोरवी सांगताना मातीचा महिमा गायिला जातो. मठवासी साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या निरीक्षण करून उत्तम जमीन हेरली आणि तेवढ्याच जमिनीला भिंत घातली, असे त्या कथनाचे सार होय. प्रस्तुत निबंधात या कथनाची तपासणी करून, मळ्याची सीमा मुख्यतः मालकीच्या इतिहासाने आखली गेली, असे प्रतिपादन करण्याचा प्रयत्न केला आहे.

मठाची मालमत्ता

इ. स. १०९८ मध्ये मोलेमच्या रॉबर्टने सितो येथे नवा मठ स्थापन केला. संत बेनेडिक्टच्या नियमांचे काटेकोर पालन व अंगमेहनत हे या पंथाचे ब्रीद होते. त्या नियमांत साधूस दररोज वाइनचे ठरावीक माप मंजूर होते. शिवाय उपासनाविधीसाठी वाइन अनिवार्यच होती. मात्र सितोचा परिसर सखल व दलदलीचा असल्याने तेथे द्राक्षवेल धरेना. साहजिकच साधूंची दृष्टी पश्चिमेकडील उताराकडे वळली.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मठाला व्हुजो परिसरात जमिनी मिळू लागल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या जमिनी एकगठ्ठा मिळालेल्या नाहीत. परलोकीच्या कल्याणासाठी सरदार घराण्यांनी दिलेली दाने, मठाने केलेल्या खरेद्या आणि शेजाऱ्यांशी केलेल्या अदलाबदली यांतून दोन शतके तुकड्याला तुकडा जोडला गेला. १३३६ च्या सुमारास भिंतीचे कुंपण पूर्ण झाले. म्हणजे जे मिळाले आणि जे लगत होते, ते भिंतीच्या आत आले. साधूंना जमिनीची पारख नव्हती असे येथे सुचवावयाचे नाही. दीर्घ अनुभवाने ती निश्चितच आली असणार. परंतु दात्याची मर्जी, शेजाऱ्याची अडचण आणि मठाची ऐपत यांचाही त्या रेषेत वाटा आहे, आणि लोकप्रिय कथनातून नेमका तोच गळून पडतो.

प्रारंभी मळ्यातील श्रम मुख्यतः ‘कॉन्व्हेर’ म्हणजे मठाशी बांधलेले गृहस्थबंधू करीत. चौदाव्या शतकापर्यंत त्यांची संख्या घटली व मजुरीवरील कामगारांवरचे अवलंबन वाढत गेले. द्राक्षे पिळण्याचे प्रचंड लाकडी घाणे आणि साठवणीची कोठारे मळ्यातच होती. त्यांपैकी चार घाणे आजही तेथे पाहावयास मिळतात. ‘शातो’ म्हणून आज ज्याचे छायाचित्र सर्वत्र छापले जाते ती वास्तू मात्र बरीच नंतरची, १५५१ ची आहे. तिच्याआधी चार शतके तेथे होती ती केवळ कामाची जागा.

मळ्याच्या अखंडतेचे कारण काय? सरंजामी घराण्यांच्या जमिनी हुंडा, वाटण्या, कर्ज आणि वारसतंटे यांमुळे सतत फुटत राहिल्या. मठाला मात्र वारसच नव्हते. साधू मरण पावे, मठ मरत नसे. सुमारे साडेसहा शतके टिकलेल्या या अखंडतेचे रहस्य मातीत शोधण्यापेक्षा ब्रह्मचर्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

क्रांती आणि लिलाव

२ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्रीय सभेने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. जानेवारी १७९१ मध्ये क्लो द व्हुजो व त्यासोबतच्या मालमत्तेचा लिलाव होऊन पॅरिसच्या फोकार या खरेदीदाराने सुमारे ११ लाख ४० हजार लिव्र इतकी बोली दिली. ही रक्कम त्याला भरता आली नाही. पुढील व्यवस्था काही काळ मठाचा शेवटचा कोठारप्रमुख साधू गोब्ले याच्याकडेच ठेवावी लागली. मालकीचा पाया उखडून टाकणाऱ्या राज्यव्यवस्थेला द्राक्षे पिळण्यासाठी जुन्याच साधूची गरज भासली, ही घटना क्रांतीच्या इतिहासकारांनी अधिक विचारात घेण्यासारखी आहे. (सितोमध्ये साधू पुन्हा आले ते १८९८ मध्ये, आज तो मठ चीजसाठी ओळखला जातो.)

त्यानंतर काही हात बदलून १८१८ मध्ये मळा उव्रार घराण्याकडे आला. ज्यूल उव्रारच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८६१ नंतरही, वारसांनी तो सुमारे पाव शतक सामाईक ठेवला. १८०४ च्या नागरी संहितेने सर्व अपत्यांना समान वाटा दिला होता. त्या वातावरणात एवढी मोठी जमीन अभंग राहणे हा अपवादच होता. दरम्यान द्राक्षवेलीची मुळे पोखरणारी फिलॉक्सेरा ही कीड १८७८ मध्ये याच जिल्ह्यात आढळली आणि अनेक मळे उजाड झाले. या पार्श्वभूमीवर १८८९ मध्ये मळा विकला गेला आणि प्रथमच त्याचे तुकडे झाले. पुढे विक्री व वाटण्यांमुळे ते तुकडेही तुटत गेले. आज भिंतीच्या आत सुमारे ८० मालक आहेत. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी येतात.

एक नाव, अनेक वाइन

या विभाजनाचा परिणाम वाइनवर झाला. मळ्याची जमीन एकजिनसी नाही. शातोलगतच्या वरच्या भागात चुनखडकावर उथळ, खडेमिश्रित माती आहे व पाण्याचा निचरा उत्तम होतो. खाली हमरस्त्याकडे माती खोल, चिकण आणि पावसाळी वर्षांत पाणी धरून ठेवणारी आहे. वरची वाइन पोपसाठी, मधली धर्माधिकाऱ्यांसाठी आणि खालची साधूंसाठी असे, ही आख्यायिका वारंवार सांगितली जाते. तिच्या सत्यतेवर विसंबून राहण्याचे कारण नाही. पण जमिनीतील फरक पूर्वापार जाणवत होता, एवढे ती सुचविते. मालक एकच असताना वरच्या-खालच्या द्राक्षांचे मिश्रण करणे त्याच्या हाती होते. केवळ खालची पट्टी वाट्याला आलेल्या मालकाला तो मार्ग उरला नाही.

अशा स्थितीत १९३७ मध्ये कायद्याने या मळ्याला सर्वोच्च, म्हणजे ‘ग्रां क्रू’ दर्जाचे उत्पत्तिनाम बहाल केले. प्रतवारी मातीनुसार करावयाची तर वरचा व खालचा भाग वेगळा करावा लागला असता. या पट्टीतील इतर बहुतेक ग्रां क्रू मळे उतारावर बरेच वर थांबतात. हा एक थेट हमरस्त्याला येऊन भिडतो, आणि रस्त्याच्या पलीकडील द्राक्षांना केवळ सामान्य प्रादेशिक नाव लावता येते. येथे कायद्याने मान दिला तो मध्ययुगीन भिंतीला. ज्या संस्थेला क्रांतीने मोडीत काढले, तिच्याच मालकीची रेषा प्रजासत्ताकाने गुणवत्तेची रेषा म्हणून स्वीकारली. वाइनची बाटली विकत घेणाऱ्याला लेबलावर मळ्याचे नाव मोठ्या अक्षरांत दिसते; वाइन भिंतीच्या आतील कोणत्या भागातील आहे, हे त्या नावावरून कळत नाही. जाणकार ग्राहक म्हणूनच मळ्यापेक्षा उत्पादकाचे नाव आधी वाचतो.

याच काळात मठाच्या स्मृतीलाही नवे रूप मिळाले. जागतिक मंदीत वाइनला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा १९३४ मध्ये शेजारच्या न्युई-सें-जॉर्ज येथे कामिय रोदिये आणि जॉर्ज फेव्हले यांच्या पुढाकाराने ‘तास्तव्हँ’ बंधुमंडळाची स्थापना झाली. लाल-सोनेरी झगे, दीक्षाविधी, मेजवान्या असा सारा थाट जुन्या बंधुमंडळांच्या धर्तीवर उभारण्यात आला, आणि १९४४ नंतर शातो हेच त्याचे केंद्र बनले. एरिक हॉब्सबॉम यांनी ज्याला घडविलेली परंपरा म्हटले, तिचे याहून ठळक उदाहरण क्वचितच आढळेल. या मंडळाचा हेतू सरळसरळ विक्रीचा होता व तो त्यांनी दडविलाही नाही. तथापि ढासळण्याच्या बेतात असलेली वास्तू त्यामुळे वाचली, हेही नमूद करावयास हवे.

२०१५ मध्ये युनेस्कोने बरगंडीतील ‘क्लिमा’ म्हणजे नाव व सीमा असलेल्या द्राक्षक्षेत्रांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ती नोंद सांस्कृतिक वारसा या वर्गातील आहे, नैसर्गिक वारशाच्या नव्हे.