गिरमिटाची कुळकथा

मॉरिशस बेटावर १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा सुमारे सहासष्ट हजार माणसे मालमत्तेच्या यादीतून वजा झाली. आणि विलायत सरकारच्या खजिन्यातून जी वीस लक्ष पौंडांहून अधिक नुकसानभरपाई मंजूर झाली ती, न्यायबुद्धीची कमालच म्हणावी, गुलामांना नव्हे, तर त्यांच्या धन्यांना. मुक्तांच्या वाट्यास आली सक्तीची उमेदवारी, म्हणजे त्याच मळ्यावर, त्याच धन्यासाठी, केवळ अन्नवस्त्रावर आणखी काही वर्षे राबणे! ती १८३९ साली मुदतीपूर्वीच रद्द होताच बहुतेकांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरविली.

मळेवाल्यांनी मात्र मुक्तीचा दिवस उजाडण्यापूर्वीच तजवीज करून ठेविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून कलकत्त्याहून आलेले छत्तीस मजूर पोर्ट लुईस बंदरी उतरले. दरमहा पाच रुपये आणि शिधा यांवर पाच वर्षे राबण्याच्या करारनाम्यावर त्यांची निशाणी होती. मजुरांच्या तोंडी पुढे ज्या ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले, तो हाच दस्तऐवज. वरकरणी तो उभयपक्षी राजीखुशीचा ठराव. परंतु मजुराने एक दिवस खाडा केला की दोन दिवसांचा पगार कापला जाई, आणि काम सोडून गेल्यास त्याची रवानगी तुरुंगात होई, हे ध्यानी घेतले असता या राजीखुशीचे मोल कळते. मुदत सरली तरी सुटका नव्हती : १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना सदैव अंगावर बाळगावा लागे, आणि तो जवळ नसल्यास भटक्या म्हणून अटक होई. या जाचाविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्यांचा अर्ज सादर केला, तेव्हा कोठे शाही चौकशी आयोग नेमला गेला.

मुंबई बंदरातून कोकणातले मजूरही याच वाटेने गेले. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आजही तेथे नांदतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली वरिष्ठ कायदेमंडळात ही गिरमिटाची पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. हिंदुस्थानातून होणारी भरती थांबण्यास १९१७ साल उजाडले.

स्वतंत्र मॉरिशसने २००९ साली सत्य व न्याय आयोग नेमला, तेव्हा गुलामगिरी आणि गिरमिट या दोहोंची चौकशी एकाच आयोगाकडे सोपविली, हे मला यथार्थ वाटते. त्या आयोगापुढे लोक मुख्यतः गाऱ्हाणी घेऊन आले ती पूर्वजांच्या हातून गेलेल्या जमिनींची.